हिरवी तोडणी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात
कात्री घेऊन मी रांगेत शिरले
आणि निम्मे घड खाली टाकले.

बाबा बांधावर उभे होते.
गोझो बेटावर बांध म्हणजे नुसते दगड,
चुना नाही, माती नाही,
एकमेकांच्या भारावर तोललेले,
आमच्या घरातल्या माणसांसारखे.
ते काही बोलले नाहीत.
टोपी काढली,
समोरून प्रेतयात्रा जाताना काढतात तशी,
आणि पुन्हा घातली.

चाळीस वर्षं त्यांनी द्राक्षं वजनावर विकली.
सप्टेंबरात धक्क्यावर ट्रॅक्टरची रांग,
पलीकडच्या मोठ्या बेटावरच्या कारखान्याचा काटा,
आणि काट्यापाशी तो माणूस,
जो द्राक्षांकडे कधी बघत नसे,
आकड्याकडे बघे.
म्हणून तोडणीआधी वेलींना पाणी सोडायचं.
फुगू देत.
पाणीसुद्धा किलोनंच विकलं जातं, पोरी.
मी तेव्हा आठ वर्षांची होते, आणि ते हसत होते.

मेलबर्नहून मी परत आले
ते एक कर्ज घेऊन आणि एक वाक्य घेऊन :
कमी पिकवायचं.
अकरा वारसांकडून तीन तुकडे घेतले.
शेवटची सही टोरंटोहून आली,
सोबत चिठ्ठी, की त्या खरवताच्या झाडाला हात लावू नका,
तिथं आमची आजी बसायची.
नाही लावला.
त्याच्या सावलीत दोन ओळी अजून आंबटच राहतात.

पाद्रीबाबांनी विचारलं, संताच्या सणाला किती पिंपं देणार?
म्हटलं, बारा बाटल्या.
ते खूप हसले. त्यांना विनोद वाटला.

तळघर नव्हतं.
पणजोबांनी खडकात खोदलेली
पावसाच्या पाण्याची टाकी होती, ती कोरडी केली.
शिडीनं उतरायचं.
खाली इतका गारवा की बोललेलं वाक्य
जरा उशिरा ऐकू येतं.
पहिल्या वर्षी तिथं दोन पिंपं आंबली.
आई म्हणाली, चला, यंदा व्हिनेगर विकत आणायला नको.
दुसऱ्या वर्षी ईशान्येचं वारं आलं, ग्रिगाल,
तीन दिवस समुद्र उचलून पानांवर टाकत राहिलं.
मी पान चाटून पाहिलं. मीठ.
बँकेतला साल्वू फोनवर म्हणाला, हवामानाचा रकाना आमच्या अर्जात नाही.

आणि आता ही कात्री.
जेलेवझाचे हिरवे, टणक, गोटीएवढे मणी
निळसर चिकणमातीत पडलेले,
प्रत्येक वेलीखाली एक-एक ढीग.
हातातोंडाशी आलेला घास
कुणी स्वतःच्या हातानं पाडतं का?
हे त्यांनी विचारलं नाही.
मीच रात्री अंथरुणात विचारलं.

पहाटे खिडकीतून दिसलं,
बाबा बादली घेऊन रांगेतून चाललेत,
वाकून, गुडघ्यावर हात टेकत,
पडलेले घड उचलत.
बकरीपुढे ठेवले. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.
मग त्यांनी एक मणी स्वतःच्या तोंडात टाकला.
त्यांचा सगळा चेहरा मुठीसारखा मिटला.

'वेढ्याच्या उन्हाळ्यात,' ते म्हणाले,
माझ्याकडे न बघता, 'मी सात वर्षांचा.
बोटी येत नव्हत्या. आम्ही हीच खाल्ली, अशीच.
पिकायची वाट बघणं कुणाला परवडत नव्हतं.'
आणि बादली उचलून आईकडे गेले,
रस काढ म्हणाले, माशावर पिळायला होईल.

तेव्हापासून दर जुलैला
माझी कात्री पुढे, त्यांची बादली मागे.
आम्ही त्यावर बोलत नाही.

तिसऱ्या वर्षाची वाइन मी टेबलावर ठेवली.
त्यांचा तो प्लास्टिकचा कॅन, घरच्या दारूचा,
खुर्चीखाली होताच, राखीव सैन्यासारखा.
त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला नाही, वास घेतला नाही,
प्यायले.
दुसरा स्वतःच ओतला.
'चांगली आहे,' म्हणाले. 'थोडी आहे.'
मग रिकामी बाटली ग्लासावर उलटी धरली
आणि शेवटचा थेंब
सुटेपर्यंत
तशीच धरून बसले.